मॉर्लीच्या आशेचा दफनविधी

ऑगस्ट लागला की अलाबामातल्या आमच्या पर्डी गावात दोन गोष्टी हमखास होतात. रस्त्यावरचं डांबर बुटांना चिकटायला लागतं आणि नदीपलीकडच्या मॉर्ली कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा कोच रेडिओवर येऊन सांगतो, ‘‘यंदाचं वर्ष आपलं!’’ डांबराला निदान थंडीचं औषध आहे. कोचला नाही. एक कोच गेला, दुसरा आला, दुसराही गेला, तिसरा आला. हे वाक्य मात्र खुर्चीबरोबर वारशानं मिळत असावं.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, त्यातलीच ही गत. अजून चेंडूला कुणी हात लावलेला नसतो, पण नदीपलीकडे घराघरावर निळे झेंडे लागतात, दुकानांच्या काचांवर बगळे रंगवले जातात. बगळा हे त्यांच्या संघाचं चिन्ह. आमच्या हॅस्किन्स स्टेट कॉलेजचं चिन्ह खेचर, रंग तांबडा. खेचर देखणं असतं असं आमच्यातलंही कुणी म्हणणार नाही, पण ते निदान पुढे तरी जातं. मॉर्लीनं आम्हाला शेवटचं हरवलं तेव्हा रॉस्को टिलरीच्या डोक्यावर भरपूर केस होते आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं, नॅडीनचं, लग्न व्हायचं होतं.

रॉस्कोचं आयुष्य पर्डीच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवण्यात गेलं. हात सरळ आणि जीभ तिरकी. त्याच्या रंध्यापेक्षा त्याचं बोलणं जास्त सोलतं, असं पोरं म्हणायची. अशा माणसाच्या बहिणीनं लग्न केलं ते नेमकं मॉर्लीच्या माणसाशी. हॉयट बँकस्टन पोस्टमन होता. नदीपलीकडून बदली होऊन पर्डीत आला आणि गावाची पत्रं वाटता वाटता एक दिवस नॅडीनलाच घेऊन गेला. लग्नात त्यानं निळा टाय घातला होता. तेव्हा रॉस्कोनं पाद्रीबाबांना कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, ‘‘हे आपल्या धर्मात चालतं का?’’

लग्नानंतरच्या पहिल्या ऑगस्टमधली गोष्ट. फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे अग्निशमन ठाण्याच्या अंगणात गावजेवण असतं. मोठ्या कढयांत मक्याच्या पिठात घोळवलेले मासे तळतात, सोबत कोबीची कोशिंबीर आणि बर्फ घातलेला गोडमिट्ट चहा. हॉयटनं त्या दिवशी हातात ताट घेऊन मॉर्लीचं इतकं कौतुक सांगितलं, की लोकांना मासा गिळेना. रॉस्को मुकाट्यानं घरी गेला, चार फळ्या ठोकून एक हातभर लांबीची शवपेटी बनवून घेऊन आला, आणि मॉर्लीचं पोस्टर आत ठेवून म्हणाला, ‘‘बंधूंनो आणि भगिनींनो, टोप्या काढा. मॉर्लीची यंदाची आशा आपल्यातून निघून गेली आहे.’’ मग त्यानं असं काही भाषण ठोकलं, की हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दुसरा कुणी असता तर चिडून निघून गेला असता. हॉयटनं खिशातून टॉवेलएवढा रुमाल काढला, पेटीशेजारी गुडघे टेकले आणि गळा काढून रडायला लागला. ‘‘अरे, किती लहान होती रे! आत्ताच तर कुठे डोळे उघडले होते!’’ पेटी पुरून झाल्यावर तो उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, ‘‘पुरताय तर पुरा. पण बी पुरताय, एवढं लक्षात ठेवा.’’ त्या दिवसापासून रॉस्को आणि हॉयट एकमेकांचे जिवलग झाले.

तेव्हापासून दर ऑगस्टला ठाण्यामागच्या गवतात एक पेटी पुरली जाते. बायबल शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बायकासुद्धा त्या दिवशी खुर्च्या पुढे ओढून बसतात. नोव्हेंबरात मॉर्ली आमच्याकडून मार खातं आणि ठरलेल्या पैजेप्रमाणे हॉयट रविवारी आमची तांबडी टोपी घालून चर्चच्या पायऱ्या चढतो. आत शिरताना टोपी काढून रॉस्कोच्या हातात देतो आणि दोनच शब्द बोलतो, ‘‘पुढच्या वर्षी.’’ रॉस्को त्याला मॉर्लीची प्रार्थना म्हणतो. ‘‘ती निळी टोपी माझ्या डोक्यावर कधी येणार नाही,’’ तो सांगत असे. ‘‘मी गेलो तरी घालू नका. वर गेल्यावर काय तोंड दाखवू?’’

या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. हिवाळ्यात हॉयटच्या पोटात गाठ निघाली. बर्मिंगहॅमच्या इस्पितळात औषधं चढवणं सुरू झालं. केस गेले, भुवया गेल्या, अंगावरचं मांस गेलं. पत्रांची जड पिशवी खांद्यावर घेऊन गावभर फिरलेला माणूस अंगणातल्या पत्रपेटीपर्यंत जाऊन धापा टाकायला लागला. डॉक्टर म्हणायचे, अजून सांगता येत नाही, अजून दोन-तीनदा औषध द्यावं लागेल, मग बघू. हॉयट हे ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, ‘‘मॉर्लीच्या चेंडू फेकणाऱ्या त्या नव्या क्वार्टरबॅकबद्दल तुम्हाला काय वाटतं?’’

गावजेवणाच्या आधी नॅडीन भावाच्या सुतारखोलीत आली. रॉस्कोनं पेटीसाठी पाइनच्या फळ्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या, पण करवत अजून भिंतीवरच होती.

‘‘रॉस्को, या वर्षी नको,’’ ती म्हणाली.

‘‘काय नको?’’

‘‘काय ते तुला चांगलं ठाऊक आहे. पेटी नको, ते भाषण नको. नवरा माझा असा झालाय, आणि सगळं गाव पेटीभोवती उभं राहून हसणार? मला नाही बघवायचं ते.’’

‘‘हॉयट काय म्हणतो?’’

‘‘त्याला विचारलं नाही. त्याला विचारलं तर तो काय म्हणेल, ते तुलाही माहीत आहे आणि मलाही.’’

रॉस्कोनं फळ्या उचलून परत फडताळावर ठेवल्या. बहिणीचं ऐकलं म्हणून तिला बरं वाटलं. पण खरं सांगायचं तर रॉस्कोलाच सुटल्यासारखं झालं होतं. आठवडाभर तो त्या फळ्यांसमोर जाऊन उभा राहत होता आणि त्याचा हात चालत नव्हता. ठाण्याचे प्रमुख क्लीटस हार्जो, पोटानं मोठे आणि मनानं हळवे, त्यांनीही मान डोलावली. ‘‘बरोबर आहे रे. या वर्षी जरा गोडच बोल. आजारी माणूस आहे.’’

शनिवारी हॉयट आला तो काळा सूट घालून. उन्हानं माणसं वितळत होती आणि हा गळ्यापर्यंत बटणं लावून. सूट पूर्वी अंगाला घट्ट व्हायचा, आता खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. डोक्यावर निळी टोपी कानांपर्यंत आलेली. खिशातून तो टॉवेलएवढा रुमाल डोकावत होता. पहिल्या रांगेतल्या आपल्या नेहमीच्या खुर्चीवर तो बसला आणि मान इकडेतिकडे वळवून बघायला लागला.

‘‘मयत कुठाय?’’ त्यानं क्लीटसना विचारलं.

‘‘आधी थोडा मासा तर खा,’’ क्लीटस म्हणाले आणि कढईकडे सटकले.

रॉस्को मालट्रकच्या मागच्या फळीवर चढला. लोक हसायच्या तयारीत होते, म्हणजे नेहमीसारखे. पण त्याच्या हातात पेटी नाही हे बघून जरा चुळबुळले.

‘‘या वर्षी,’’ रॉस्को म्हणाला, ‘‘मला एवढंच सांगायचंय, की मॉर्लीचा संघ चांगला आहे. कोच मेहनती आहे. क्वार्टरबॅकचा हात चांगला आहे. आणि त्याला सांभाळणारी पुढची फळी… पुढची फळीसुद्धा मजबूत दिसते. नदीपलीकडच्या आपल्या शेजाऱ्यांना आपल्या सगळ्यांकडून शुभेच्छा. देव त्यांचं भलं करो.’’

तो खाली उतरला. कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी दोघांनी. कढईतल्या तेलाचा आवाज ऐकू येत होता. हॉयटनं हातातलं ताट खुर्चीखाली गवतावर ठेवलं, त्यातला मासा तसाच होता, आणि उठून सावकाश आपल्या गाडीकडे चालू लागला. रॉस्को त्याच्या मागे धावला.

‘‘हॉयट! अरे थांब. काय झालं?’’

हॉयट गाडीच्या दाराला धरून उभा होता. उन्हात त्याचा चेहरा मेणासारखा दिसत होता.

‘‘डॉक्टर काय म्हणाले?’’ त्यानं विचारलं.

‘‘कोण डॉक्टर?’’

‘‘नॅडीनला सांगितलं असेल आणि तिनं तुला. खरं बोल.’’

‘‘देवाशपथ, कुणी काही सांगितलं नाही.’’

‘‘मग आमच्या पुढच्या फळीची स्तुती का केलीस?’’ हॉयटचा आवाज चढला. ‘‘रॉस्को, आमची पुढची फळी भिकार आहे! मला माहितीये, तुला माहितीये, नदीतल्या माशांना माहितीये! डाव्या बाजूला जो पोरगा उभा करतात ना, त्याला जोराचा वारा लागला तरी पडतो. जन्मात कधी तू आमच्याबद्दल एक बरा शब्द बोलला नाहीस. आणि आज शुभेच्छा? देव भलं करो?’’ तो दम घ्यायला थांबला. ‘‘माणूस गेला की त्याच्याबद्दल कुणी वाईट बोलत नाही. तसं बोललास तू. सगळ्या गावादेखत.’’

हॉयट गाडीत बसून निघून गेला. रॉस्को गाडीची धूळ खाली बसेपर्यंत तिथेच उभा राहिला.

सोमवारी नॅडीनचा फोन आला. हॉयट जेवत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो. मॉर्लीच्या कोचची मुलाखत लागली होती, तर त्यानं रेडिओ बंद करायला लावला.

‘‘अजून काय?’’ रॉस्कोनं विचारलं.

‘‘गुरुवारी बर्मिंगहॅमला औषधाला जायचंय. तो म्हणतो, जाणार नाही. कशाला जायचं म्हणतो. रॉस्कोनं निकाल देऊन टाकलाय म्हणतो.’’ आणि ती रडायला लागली. ‘‘चूक माझी आहे. मीच तुला सांगितलं.’’

‘‘तू पेटी नको म्हणालीस,’’ रॉस्को म्हणाला. ‘‘फळीची स्तुती कर असं नव्हतीस म्हणाली. ती अक्कल माझी.’’

फोन ठेवून तो सुतारखोलीत गेला आणि फडताळावरच्या फळ्यांकडे बघत बसला. आठवडाभर आपला हात का चालत नव्हता, हे त्यानं आता स्वतःला सरळ विचारलं. उत्तर फार लांब नव्हतं. पेटीचं माप घ्यायला गेलं की त्याच्या डोळ्यांसमोर हॉयटचं माप यायचं. हिवाळ्यात डॉक्टरांनी ‘गाठ’ म्हटलं त्याच दिवशी रॉस्कोनं मनातल्या मनात मेव्हण्याला निरोप देऊन टाकला होता. बाकी सगळे ‘होईल बरा’ म्हणत होते, तोही वरून म्हणत होता. आत मात्र तो खेचरासारखा मागचे पाय रोवून उभा होता. आशा ही वेड्या माणसांची, हरणाऱ्या संघांची गोष्ट, असं त्यानं जन्मभर गावाला हसवून सांगितलं होतं. आता गरज पडली तेव्हा त्याच्याकडे ती चिमूटभरही नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि हॉयटबद्दल फार फार माया वाटली. मग त्यानं उठून करवत काढली.

आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते आणि आधी सगळ्यांचं एकत्र जेवण. गाव आयतंच जमलेलं. रॉस्को भोपळी मिरच्यांच्या ताटलीशेजारी उभा राहून म्हणाला, ‘‘शनिवारी एक मयत तसंच राहून गेलं. ज्यांना यायचं त्यांनी माझ्यामागे या.’’ पाद्रीबाबांनी घड्याळाकडे पाहिलं, लोकांच्या तोंडांकडे पाहिलं आणि प्रार्थना हॉयटच्याच अंगणात होईल असं जाहीर करून टाकलं.

सूर्य अजून झाडांच्या वर होता. क्लीटसनी ठाण्याचा मोठा बंब काढला, वरचे दिवे लावले आणि माणसाच्या चालीनं चालवायला सुरुवात केली. बंबाच्या छपरावर शवपेटी, भोंगा बंद. मागे रॉस्को, त्याच्यामागे निम्मं गाव, कुणाच्या हातात कोशिंबिरीचं भांडं, कुणाच्या हातात केक. जेवण अर्धवट टाकून यायची आमच्याकडे पद्धत नाही.

नॅडीन ओसरीवर आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. रॉस्कोनं पेटी उतरवून अंगणात ठेवली, घसा साफ केला आणि उघड्या खिडकीकडे तोंड करून, शाळेच्या मैदानापलीकडे पोहोचणाऱ्या आवाजात बोलायला लागला.

‘‘बंधूंनो आणि भगिनींनो! टोप्या काढा. मॉर्ली कॉलेजची आशा, वय वर्षं शून्य, ऑगस्टमध्ये जन्मली. राहिली असती तर सप्टेंबरात आजारी पडली असती…’’

तो थांबला. ‘आजारी’ हा शब्द दरवर्षी भाषणात असायचा; सवयीनं निघून गेला होता. कुणीतरी श्वास आत ओढला. नॅडीन डोळे मिटून उभी होती. आता मागे फिरलो तर पुन्हा शनिवारचंच होईल, हे रॉस्कोला कळलं.

‘‘…आजारी पडली असती,’’ तो आणखी मोठ्यानं म्हणाला, ‘‘आणि ऑक्टोबरात सगळ्या राज्यानं तिला तुडवलं असतं! तिचे हाल नकोत म्हणून आपण आज हे पुण्यकर्म करतोय. त्यांचा कोच रेडिओवर म्हणाला, आमच्या पोरांनी उन्हाळाभर घाम गाळला. गाळला असेल! अलाबामाच्या ऑगस्टमध्ये पत्रपेटीसुद्धा घाम गाळते, तिला कुणी संघात घेतं का?’’

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

‘‘कोच म्हणाला, गेल्या वर्षी आम्ही थोडक्यात हरलो. थोडक्यात! मॉर्लीचा बँड वाद्यं बांधून घरी पोहोचला, जेवला, झोपला, तेव्हा सामना अर्धा बाकी होता! कोच म्हणाला, आमचा नवा क्वार्टरबॅक फार लांब चेंडू फेकतो. फेकतो ना! आम्ही स्वतः पाहिलंय. इतका लांब फेकतो की चेंडू त्यांच्या पोरांच्या डोक्यावरून थेट आमच्या पोरांच्या हातात! अशा दानशूर माणसाला कोण नावं ठेवील?’’

आता अंगण हसत होतं. खिडकीतला पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. रॉस्कोनं दम घेतला.

‘‘आणि आता त्यांची पुढची फळी!’’ तो ओरडला. ‘‘शनिवारी मी तिला मजबूत म्हणालो. ते खोटं होतं. खोटं बोलल्याबद्दल मी देवाची माफी मागतो, पाद्रीबाबा साक्षीला आहेत. ती फळी बघून मी, तीस वर्षं फळ्यांत काढलेला माणूस, रडलोय! तिला वाळवी लागलीय! तिच्यापेक्षा ही पेटी जास्त वेळ टिकेल! आणि तो डाव्या बाजूचा पोरगा…’’

‘‘त्या पोराचं वजन वाढलंय!’’

दार उघडलं होतं. हॉयट पायजम्यात उभा होता, एक हात चौकटीला, डोक्यावर निळी टोपी.

‘‘काय म्हणालास?’’ रॉस्कोनं कानाला हात लावला.

‘‘वजन वाढलंय म्हणालो! उन्हाळाभर आईच्या हातचं खाऊन आलाय. आता वाऱ्यानं पडत नाही.’’

‘‘मग कशानं पडतो?’’

‘‘आणि तुमचं काय रे?’’ हॉयट ओसरीच्या कडेपर्यंत आला होता. ‘‘खेचर! आई घोडी, बाप गाढव, आणि पोटी पोर नाही! ज्याला पुढची पिढीच नाही ते कसलं भविष्य सांगतं? आमचा बगळा उडतो तरी!’’

‘‘उडतो! दर नोव्हेंबरात उडतो! आमचे लोक दिसले की उडतो!’’

क्लीटस बंबाला टेकून पोट धरून हसत होते. नॅडीनही हसत होती आणि हाताच्या पाठीनं गाल पुसत होती. हॉयट एकेक पायरी उतरून खाली आला. कुणीतरी त्याला धरायला पुढे झालं, तर त्यानं हात झिडकारला. पेटीपाशी येऊन त्यानं पायजम्याचा खिसा चाचपला. रुमाल नव्हता. नॅडीन आत धावली आणि तो रुमाल घेऊन आली. हॉयटनं गवतावर गुडघे टेकले आणि गळा काढला, ‘‘अरे, किती लहान होती रे! आत्ताच तर कुठे डोळे उघडले होते!’’

रडण्यात खोटं किती होतं आणि खरं किती, ते त्यालाच माहीत. थोड्या वेळानं तो नुसताच पेटीवर हात ठेवून बसला आणि रॉस्को त्याच्याशेजारी खाली बसला.

‘‘चांगली बनवलीस,’’ हॉयट पेटीवरून बोट फिरवत म्हणाला.

‘‘घाईत झाली. कोपरे नीट बसले नाहीत.’’

‘‘पुरायची कुठे?’’

‘‘माझ्या टोमॅटोंच्या वाफ्यात नाही हं!’’ नॅडीन म्हणाली. सगळ्या अंगणात माती मऊ होती ती तेवढीच, त्यामुळे पेटी टोमॅटोंच्या वाफ्यातच गेली. पहिली मूठ हॉयटनं टाकली. पाद्रीबाबांनी अगदी छोटी प्रार्थना म्हटली, आणि मॉर्लीचं नाव देवासमोर घेताना त्यांच्याही मिशीत हसू आलं.

‘‘पुरलंत खरं,’’ हॉयट हात झटकत म्हणाला, ‘‘पण बी पुरलंत, लक्षात ठेवा.’’ मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ‘‘त्या भांड्यात काय आहे? कोशिंबीर? आण इकडे.’’

त्यानं उभ्याउभ्याच खायला सुरुवात केली. रॉस्को त्याच्या तोंडाकडे बघत होता. घास गिळला जातोय हे दिसल्यावर त्यानं विचारलं, ‘‘उद्याचं काय?’’

‘‘कसलं उद्याचं?’’

‘‘बर्मिंगहॅम.’’

हॉयट चघळत राहिला.

‘‘जातो,’’ तो शेवटी म्हणाला. ‘‘पण एक अट आहे.’’ त्यानं डोक्यावरची निळी टोपी काढली. खालचं डोकं लहान मुलाच्या डोक्यासारखं गुळगुळीत होतं. ‘‘ही घाल.’’

‘‘हॉयट, गंमत पुरे.’’

‘‘घाल. आणि म्हण.’’

‘‘काय म्हणू?’’

‘‘तुला माहितीये काय ते.’’

क्लीटसनी हलकेच शीळ घातली. रॉस्कोनं टोपी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि घातली. ती अजून गरम होती. बोलायचे होते दोनच शब्द. या दोन शब्दांवर त्यानं आयुष्यभर गाव हसवलं होतं, नाकातून, घोगऱ्या आवाजात, बगळ्यासारखी मान काढून. ते त्याला झोपेतही आले असते. पण आता ते म्हणायचे तर हॉयटकडे बघून म्हणायला हवे होते, आणि पुढचा ऑगस्ट डोळ्यांसमोर आणायला हवा होता. तोच सूट, तोच रुमाल, पहिल्या रांगेतली तीच खुर्ची आणि त्या खुर्चीवर हॉयट. हिवाळ्यापासून रॉस्कोनं तिकडे एकदाही बघितलं नव्हतं. बघायची त्याला भीती वाटत होती.

‘‘पुढच्या…’’ तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला.

कुणी हसलं नाही. रॉस्कोनं तोंडावरून हात फिरवला, मान वर केली आणि हॉयटकडे बघितलं.

‘‘पुढच्या वर्षी,’’ तो म्हणाला. ‘‘पुढच्या वर्षी, हॉयट.’’

हॉयटनं भांडं नॅडीनच्या हातात दिलं आणि रॉस्कोच्या मानेवर हात ठेवला. हाताला पूर्वीचं वजन नव्हतं, पण पकड होती.

‘‘बघितलंस किती जड असतं ते?’’ तो हळूच म्हणाला. ‘‘आम्ही दरवर्षी म्हणतो.’’

नॅडीन ओसरीच्या पायरीवर बसून मोठ्यानं रडत होती आणि आता तिला कुणी गप्प करत नव्हतं. बंबाचे दिवे अजून फिरत होते. हॉयटनं हात पुढे केला.

‘‘आता माझी टोपी दे.’’

‘‘नाही,’’ रॉस्को म्हणाला आणि टोपी आणखी खाली ओढली. ‘‘उद्या बर्मिंगहॅमपर्यंत गाडी मी चालवणार आहे. सकाळचं ऊन सरळ डोळ्यांवर येतं.’’